भिंतीकडं तोंड करून ऐकलेले तीन बेस

आमच्या घरात मला जी काही किंमत होती, ती माझ्या कानांमुळं. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही आणि फुशारकी म्हणूनही नाही. स्वयंपाक माझा बेताचा, शिवणटिपण त्याहून बेताचं, आणि जीभ अशी तिखट, की माधवनगरच्या आमच्या गल्लीतला भाजीवाला माझं दार आलं की तराजू आधीच सरळ धरायचा. पण घरामागच्या स्टुडिओत एखादं गाणं जुळत आलं, की शेवटचा शब्द माझा असायचा. "वहिनींना ऐकवा, त्या सांगतील," असं चांगले चांगले वाजवणारे म्हणायचे. ते ऐकलं की त्या दिवशी भाकरी करपली तरी मला वाईट वाटायचं नाही.

नव्वदनंतरचे, कॅसेटचे दिवस होते ते. सासऱ्यांच्या वेळी मागच्या शेडमध्ये यंत्रमाग होते. ते गेल्यावर माग विकले आणि यांनी तिथं रेकॉर्डिंग सुरू केलं. 'हे' म्हणजे आमचे हे. नवऱ्याचं नाव घ्यायची सवय मला तेव्हाही नव्हती आणि आता या वयात ती लावून घेण्यात काही अर्थ नाही. शेडच्या भिंतींना सासूबाईंनी शिवलेल्या वाकळा ठोकल्या होत्या, म्हणजे आवाज घुमत नाही. पण शेजारीपाजारी अजून माग चालायचे आणि त्यांची खटखट वाकळांना दाद द्यायची नाही. म्हणून बारीक ऐकायचं काम आम्ही मागांच्या सुट्टीच्या दिवशी ठेवायचो.

ते ऐकायची आमची एक रीत होती. मी मशीनकडं पाठ आणि भिंतीकडं तोंड करून पाटावर बसायची. मांडीवर ताट, ताटात मेथी नाहीतर शेंगा नाहीतर तांदूळ. हात गुंतले की माझे कान मोकळे होतात. माझ्या पाठीमागं हे एकेक प्रकार लावायचे आणि फक्त आकडा सांगायचे. कोण वाजवतंय, कसलं वाद्य आहे, कुणी आणलंय, काही बोलायचं नाही. "एक." जरा वेळानं "दोन." मग मी एक जुडी संपवून म्हणायची, "दोन राहू द्या." की झालं.

त्या वर्षी पावसाळ्यात मी आजारी पडले. खोकला हटेना, संध्याकाळ झाली की ताप. छातीत पाणी झालंय, असं निघालं. सासूबाई बाहेर 'साधा ताप हाय' म्हणून सांगायच्या, कारण क्षयाचं नाव घेतलं असतं तर लोकांनी आमच्या घरचा चहा सोडला असता. मला साताऱ्याला माहेरी पाठवलं. तिथं रोज इंजेक्शन. डॉक्टर मनानं भला, पण बोलायला फटकळ. पहिल्याच दिवशी म्हणाला, "औषध गुणाचं आहे, पण काही जणांच्या कानांवर जातं. कानात शिट्टी वाजल्यासारखं झालं, कमी ऐकू यायला लागलं, तर ताबडतोब सांगायचं. गेलेलं परत येत नाही."

गेलेलं परत येत नाही! एसटीत छत्री विसरली तर परत मिळत नाही, अशा सुरात सांगितलं त्यानं. 

साताऱ्यातले ते दिवस मी औषधावर काढले की घड्याळावर, मला सांगता येणार नाही. वडिलांचं मनगटी घड्याळ उशीशी ठेवायची. सकाळी उठलं की आधी ते कानाला लावायचं, मग हळूहळू लांब न्यायचं, टिकटिक कुठपर्यंत येते ते बघायचं. मग दुसरा कान. एखाद्या दिवशी हात जरा आधीच थांबला, की दिवसभर जेवण जायचं नाही. आई म्हणायची, "अगं, किल्ली द्यायची राहिलीय त्याला, तुझ्या कानांना काय झालंय?" माझा भाऊ तर येता-जाता मागून कुजबुजायचा, "ताई, जिलबी आणलीय," आणि मी वळले की हसायचा. असा राग यायचा! पण वळल्यावर बरंही वाटायचं. म्हणजे ऐकू येत होतं.

एकदा हे भेटायला आले. मी डॉक्टरांचं बोलणं यांना सांगितलं. यांनी ऐकून घेतलं, खिडकीतून बाहेर बघितलं आणि म्हणाले, "बघू. तू आधी खाऊन पिऊन बरी हो." मग आईला विचारायला लागले, की सांगलीची गाडी कितीला आहे. मी मनात म्हटलं, घ्या! बायकोचे कान जायची वेळ आली आणि या माणसाला गाडीची पडलीय. ते गेल्यावर मी उशीत तोंड खुपसून रडले. मला मरायची एवढी भीती नव्हती. बहिरी होऊन त्या घरात नुसती भाकऱ्या थापत राहीन, याची होती.

इंजेक्शनं संपली, छाती मोकळी झाली, आणि ऐन नवरात्रात मी सांगलीला परत आले. खंडेनवमीच्या सकाळी डोळे उघडले आणि बघते तर काय, चहूकडं चिडीचूप. मागांची खटखट नाही. एरवी त्या घरात मी खटखटीनंच उठायची.  तशीच उठून बसले आणि मोठ्यांदा ओरडले, "अहो!" माझाच आवाज मला ऐकू आला, आणि शेजारच्या शेडमधून घंटा वाजली. तेव्हा आठवलं. खंडेनवमी. आज मागांची पूजा, त्यांना विश्रांती. हे धावत आले, तोंडात ब्रश तसाच. "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही. चहा ठेवू का?" हे माझ्याकडं बघतच राहिले.

आमच्याकडंही पूजा असायचीच. ढोलकी, पेटी, माइक, टेपचं मोठं यंत्र, सगळं पुसून पाटावर मांडायचं, जे हलत नाही त्याला जागेवरच हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. सासूबाईंचा एक कडक नियम होता. पूजेत पितळ काळं दिसता कामा नये. देवाच्या भांड्यांबरोबर स्टुडिओतलं जे जे पितळेचं असेल ते चिंचेनं घासून लख्ख व्हायचं. मी पुढं झाले, तर मला म्हणाल्या, "तू आत्ताच आजारातनं उठलीयास. गप पाटावर बस आन् नुसती बघ. कशाला हात लावलास तर याद राख." सासूबाई माझ्यावर माया करायच्या ती अशीच, दम देऊन. मी बसले. त्या दिवशी स्टुडिओत कुणी काही वाजवत नाही. वाजवायचं ते दसऱ्याला, मुहूर्तावर.

दसऱ्याचं काम आधीच ठरलेलं होतं. मी साताऱ्याला असताना पलूसचे एक बागायतदार त्यांच्या गावदेवीच्या गाण्यांची कॅसेट करायला आले होते. ऊस मोप, आवाज पहाडी आणि हौस दोन्हींपेक्षा जास्त. स्वतःच गायचे. त्यांचं मागणं एकच. "गान्यात बेस पायजे. ट्रॅक्टरवर कॅसेट लावली की पत्रा हादारला पायजे." बेस म्हणजे चार जाड तारांची गिटार. गाण्याच्या तळातून ती चालत असते. वाजते तोवर तिच्याकडं कुणाचं लक्ष नसतं, आणि थांबली की गाणं अधांतरी लोंबकळतं.

वाजवणारा होता कोयनानगरचा, धरणाच्या वसाहतीत वाढलेला. आमच्याकडं नेहमी यायचा, अबोल, पण बोटं सोन्याची. लहानपणापासून भूकंपाचे धक्के खाल्लेला माणूस. पलूसकरांनी पत्रा हादरवायची भाषा केली की गालात हसायचा. त्याची स्वतःची गिटार कलकत्त्याहून आणलेली, ऑर्केस्ट्रात झिजून रंग उडालेली, तारा जुन्या. ती पलूसकरांच्या नजरेत भरेना. त्यांनी पलटणीतल्या चुलतभावाकरवी एक परदेशी गिटार पैदा केली, चेरीसारखी लाल, चकचकीत. तेव्हा त्या पोराचाही स्वाभिमान जागा झाला आणि त्यानं मिरजेत सतारी बनवणाऱ्या एका कारागिराकडून हौसेनं करवून घेतलेली तिसरी गिटार आणली. झालं! दोघंही हटेनात. मग यांनी तेच गाणं तिन्ही गिटारींवर वाजवून घेतलं, एकाच टेपवर वेगवेगळ्या पट्ट्यांवर, म्हणजे ट्रॅकवर, आणि सांगून टाकलं, "दसऱ्याला आमची ही येईल. ती ऐकून ठरवेल."

ऐकायला सोपं पडावं म्हणून यांनी मागंच एक डबी करून ठेवली होती. वर जुन्या रेडिओचं जड पितळी बटण. आता ते एकवर आणलं की गाण्यात कलकत्त्याची गिटार, दोनवर परदेशी, तीनवर मिरजेची. बाकी गाणं, ढोलकी, संबळ, पेटी, आवाज, सगळं तेच. अशी सोय मोठ्या शहरात तरी असेल की नाही, असं यांना वाटायचं. मीही हो म्हणायची.

दसऱ्याला सकाळीच दोघं हजर. पलूसकर फेटा बांधून आलेले. मी पाट घेतला, भिंतीकडं तोंड केलं, ताटात गवारीच्या शेंगा घेतल्या. खूप दिवसांनी त्या वाकळांचा वास आला आणि बरं वाटलं. वाटलं, आले बाई घरी. यांनी गाणं सुरू केलं.

"एक," हे म्हणाले.

चांगला होता. गोल, मऊ, ढोलकीच्या पायात पाय न घालता चालणारा. मी शेंगा मोडत राहिले.

"दोन."

मी थांबले. काहीच बदललं नाही. मला वाटलं, यांनी अजून बटण फिरवलं नसेल. तेवढ्यात मागून पलूसकर म्हणाले, "आगाय्या! बगा, बगा, दोन नंबर! लय भारी. छातीत घुमतंय गड्या!"

"तीन."

तेच. अगदी तेच. तोच गोल, मऊ आवाज, तिथंच, तेवढाच. आणि कोयनानगरचा, जो कधी तोंड उघडत नाही, तो म्हणाला, "तीनला तार कशी बोलतीय ऐकलं का? सतारीसारखी."

"खरंय," हे म्हणाले. "तीनला एक झळाळी आहे. दोन खोल आहे. एक त्या मानानं फिकाच."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.  तिघं जण तीन वेगळे आवाज ऐकत होते आणि मला एकच ऐकू येत होता. मी म्हटलं, "परत लावा." परत लावलं. एक, दोन, तीन. मी डोळे मिटले, श्वास धरला, कानांत प्राण आणून ऐकलं. काही फरक नाही. बारीकसासुद्धा नाही. डॉक्टरचा तो फटकळ आवाज डोक्यात वाजायला लागला. गेलेलं परत येत नाही. शिट्टी वाजली नव्हती, काही नव्हतं, आणि तरी मुकाट्यानं गेलं होतं. आणि गेलं होतं नेमकं तेच, ज्याच्यावर मी उभी होते.

"मग वैनी? कंचा?" पलूसकरांनी विचारलं.

मी अशी भडकले! "कंचा कंचा काय लावलंय सणासुदीचं? घरात नैवेद्य व्हायचाय, पुरण वाटायचंय, आणि इथं गवारीच्या शेंगा मोडत बसू? दुपारी या!" आणि ताट उचलून तरातरा स्वयंपाकघरात निघून आले. पलूसकर बिचारे मागून म्हणत होते, "आवं, आमी काय वंगाळ बोललो का?"

स्वयंपाकघरात मी काय नाही ऐकलं! पुरण रटरटताना ऐकलं, सासूबाई पुटपुटत होत्या तो श्लोक ऐकला, परड्यातल्या नळाचा थेंब ऐकला. सगळं लख्ख येत होतं. म्हणून तर जास्त भीती वाटत होती. म्हणजे घरातलं सगळं ऐकू येणार आणि गाण्यातलं तेवढं जाणार. सासूबाईंनी दोनदा विचारलं, "डोळ्याला काय झालं?" मी म्हटलं, "धूर गेला." गॅसवर पुरण शिजत होतं. त्यांनी एकदा गॅसकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

ते दोघे गणपतीच्या देवळाकडं गेले, तशी मी परत शेडमध्ये गेले. हे टेप गुंडाळत होते. मी दार लावून घेतलं आणि आडपडदा न ठेवता बोलले. "अहो, माझे कान गेले. मला तिन्हीतला फरक कळत नाही. तुम्हाला तिघांना कळतो, मला कळत नाही. आता तुम्ही कुणालातरी दुसऱ्याला बसवा त्या पाटावर." आणि मला रडूच फुटलं. पंचविशी उलटलेली बाई मी, शेंबड्या पोरीसारखी हुंदके देत उभी होते.

यांनी हातातली टेप खाली ठेवली. तोंडावरचा रंग उडाला होता. म्हणाले, "तू आज दमलीयस. आजारातून उठलीयस."

"दमल्यावर कान जात नाहीत!"

"बरं, मग असं करू. मी तुझ्यासारखा बसतो भिंतीकडं तोंड करून. तू बटण फिरव, आणि आकडा सांगू नकोस. मला नक्की काय वेगळं वाटतं ते मी तुला सांगतो, मग तू त्यावर ध्यान दे. एखादे वेळी सवय मोडली असेल."

मला ते पटलं नव्हतं, पण बुडत्याला काय! मी खुर्चीवर बसले, हे पाटावर. एवढा उंच माणूस तो, गुडघे छातीशी घेऊन बसलेला. गाणं लावलं. मी बटण एकवर ठेवलं होतं. जरा वेळानं दोनवर नेलं. "बदललं का?" हे म्हणाले. मी गप्प. तीनवर नेलं. हे मान तिरकी करून ऐकत होते. "आता बदललं? नाही ना?" मी परत एकवर आणलं. आणि बघते तर यांची पाठ ताठ झालेली. वळून माझ्याकडं बघितलं तेव्हा तोंडचं पाणी पळालेलं.

"अगं," हे म्हणाले, "मला पण सगळं सारखंच येतंय."

"सकाळी तर झळाळी बिळाळी म्हणत होता!"

"सकाळी मी बटणाकडं बघत होतो."

 नवऱ्याचे पण गेले की काय? औषध घेतलं मी आणि कान गेले दोघांचे? असा विचित्र विचार डोक्यात येतोय, तोवर माझी बोटं बटणावरच होती, आणि बोटांना काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. हे बटण मी कितीदा फिरवलंय. एकवरून दोनवर जाताना ते हाताला असा एक हिसका द्यायचं, टक् करून. आता ते लोण्यातून फिरल्यासारखं फिरत होतं. एक, दोन, तीन, आणि पुढंही. तीनच्या पुढं जायला जागाच नव्हती आणि हे पठ्ठं गोल फिरत होतं! मी ते धरून वर ओढलं. अलगद हातात आलं. चिंचेनं घासलेलं, लख्ख, वर हळदकुंकवाची बोटं. बाजूच्या बारीक भोकातला स्क्रू नुसता अडकवलेला, पिळलेलाच नाही. आतला दांडा सकाळपासून एकवरच उभा.

दर वर्षी असं व्हायचं. पितळी बटण हे काढून द्यायचे, सासूबाई घासायच्या, आणि परत बसवून तो स्क्रू मी पिळायची. त्या वर्षी मला हात लावू दिला नव्हता. सासूबाईंनी मायेनं स्वतःच ते दांड्यावर दाबून बसवलं होतं, आणि कुंकू पुसलं जाऊ नये म्हणून हे सकाळभर ते दोन बोटांनी हलकेच फिरवत होते. कुणाच्या ध्यानीमनी नाही. सकाळी एक लावलं तेव्हा एकच, दोन लावलं तेव्हा एकच, तीन लावलं तेव्हाही एकच. छातीत घुमणारा तोच आणि सतारीसारखा बोलणाराही तोच!

मी ते बटण हातात धरून ओरडले, "सासूबाई!" त्या पिठाच्या हातानं धावत आल्या. त्यांना सगळं सांगितलं तर म्हणाल्या, "मी बशिवलं की! किती घट्ट दाबलंतं!" मी त्यांच्या गळ्यातच पडले. त्यांना वाटलं पोरीला परत ताप चढला. मी हसत होते, रडत होते, आणि हे पाटावर बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून हसत होते. नुसता जीव भांड्यात पडला म्हणून भागणार नाही. माझा गेलेला जीव कुणीतरी आणून परत माझ्या हातात दिला होता. 

स्क्रू मी पिळला. स्वतःच्या हातानं, करकचून.

जेवणं झाल्यावर ते दोघं परत आले. आम्ही त्यांना काही सांगितलं नाही. मी पाटावर बसले, शेंगा घेतल्या, यांनी बटण फिरवलं, आणि माझ्या पाठीमागं खरोखरचं टक् वाजलं. काय सांगू तुम्हाला! तीन वेगळी माणसं खोलीत आल्यासारखं झालं. परदेशी गिटार एकटी ऐकली तर राणी होती, खोल, भरदार. पण त्या गाण्यात ढोलकीचा घुमारा आधीच खाली बसलेला, त्याच्यावर ही जाऊन बसली आणि दोघांचा मिळून चिखल झाला. ठेका कुठं पडतोय कळेना. मिरजेची तार सुरेख बोलत होती, नको तितकी बोलत होती. पलूसकर वर चढले की हीही त्यांच्याबरोबर चढायची आणि त्यांचे शब्द खायची. कलकत्त्याची म्हातारी मात्र जुन्या तारांवर, न चमकता, ढोलकी आणि आवाज यांच्या मधली जागा धरून चालत होती. एकटी ऐकली तर कुणी विचारलं नसतं तिला. गाण्यात ती असली की गाणं पायावर उभं राहत होतं.

"एक," मी म्हटलं.

"एक?" पलूसकरांचा फेटा हलला. "आवं वैनी, सकाळच्याला दोन केवढा घुमत हुता!"

"सकाळी तुम्ही जो ऐकून छाती धरली ना, तो एकच होता." मग सगळं सांगितलं. पलूसकरांनी आधी डोळे वटारले, मग मांडीवर थाप मारून असे हसले की वाकळांनीही तो आवाज गिळला नाही. "म्हंजे मी सोताच एकाला दोन म्हनून हो म्हनलं व्हय! लावा मग एकच. पत्रा न्हाई हादारला तरी चालंल, गानं कळलं पायजे." कोयनानगरचा आपली जुनी गिटार मांडीवर घेऊन फडक्यानं पुसत बसला. मिरजेच्या गिटारीचं त्याला वाईट वाटलं असणार, पण कौतुक झालं ते त्याच्याच दुसरीचं. आपट्याची पानं देऊन, सासूबाईंच्या पाया पडून दोघं गेले.

मी मात्र मघापासून एक गोष्ट मनात धरून बसले होते. ते गेल्यावर यांना म्हटलं, "तीन नंबर परत लावा. सुरुवातीपासून. फक्त तेवढाच, बाकी सगळं बंद."

"आता कशाला? ठरलं ना? त्या पट्टीवर उद्या कोरस घ्यायचाय."

"लावा हो."

गाण्याच्या सुरुवातीला पलूसकरांची लांबलचक आळवणी होती आणि तोवर बेस गप्प असायचा. मिरजेच्या गिटारीचा आवाज वायरीतून नीट येईना, म्हणून यांनी तेवढ्या एका वेळी स्पीकरपुढं माइक ठेवून तो घेतला होता. मघाशी तीन नंबर पहिल्यापासून वाजला तेव्हा त्या आळवणीच्या खाली, अगदी तळाशी, मला काहीतरी ऐकू आलं होतं. माणसाचं पुटपुटणं. बाकी कुणाच्या ते गावीही नव्हतं.

"काही नाहीये यात," हे म्हणाले. "मोकळी टेप आहे नुसती."

मी आवाज वाढवला आणि हेडफोन यांच्या डोक्यावर चढवला. एक बाजू जरा उचलून माझा कान त्याला लावला. खुरखुर. कपड्याची सळसळ, कुणीतरी वाकून माइक नीट करतंय तशी. आणि मग यांचा आवाज, स्वतःशीच, घाईघाईत, शाळेतल्या पोरानं परीक्षेच्या दारात म्हणावं तसा: "गणपतीराया, तिचे कान तेवढे राहू देत. येऊन पाठ करून बसली की तिला ऐकू येऊ दे. बाकी मी काही मागत नाही."

मग बेस सुरू झाला.

यांनी हेडफोन काढला. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "माइक चालू होता होय. मला वाटलं... थांब, पुसूनच टाकतो ही पट्टी आत्ता." आणि मशीनकडं हात नेला.

मी तो हात धरला.

"काही पुसायचं नाही," मी म्हटलं. "मला ऐकू आलं."